मुहूर्त आधी ठरतो, मग भाजी का ठरू नये? नागपुरातील केटरर्स, मंगल कार्यालये आणि मेसचालकांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहर व परिसरातील सर्व केटरिंग व्यावसायिक, मंगल कार्यालये व लॉन यांचे संचालक आणि विद्यार्थी मेसचे चालक

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरची रहिवासी. तीस वर्षे महाविद्यालयात गृहअर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले. माझे माहेर काटोल तालुक्यातले असून धाकटा भाऊ आजही तिथे साडेतीन एकरांत संत्र्याची बाग आणि उरलेल्या वावरात कापूस व तूर करतो. अन्नाचा अभ्यास हा माझा पेशा होता आणि अन्न पिकवणे हा माझ्या घरचा व्यवसाय आहे, त्यामुळे ताटात काय येते आणि ते कुठून येते याकडे माझे लक्ष सहज जाते. या विषयावर शासनाला पत्रे लिहिणारे पुष्कळ आहेत. मी ते तुम्हाला लिहीत आहे, कारण माझ्या मते या शहरात कोणाच्या शेतातले काय शिजेल, हे ठरवण्याची सर्वांत मोठी ताकद आज तुमच्या हातात आहे आणि तिची पुरेशी जाणीव तुम्हाला कोणी करून दिलेली नाही.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या नणंदेच्या मुलीचे लग्न शहराबाहेरच्या एका लॉनवर झाले. व्यवस्था उत्तम होती, वाढपी नम्र होते, जेवणही चांगले होते. एका बाजूला फळांचे काउंटर मांडले होते. त्यावर किवीच्या चकत्या होत्या, ड्रॅगन फ्रूट होते, परदेशी सफरचंदांवरचे लहानसे गोल स्टिकर काही फोडींवर तसेच राहून गेले होते. संत्रा नव्हता. माझा भाऊ हातात ताटली घेऊन त्या काउंटरपुढे काही क्षण उभा राहिला आणि काहीही न घेता बाजूला झाला. त्याच आठवड्यात त्याच्या बागेत अंबिया बहाराची, म्हणजे संत्र्याच्या वर्षातल्या दोन पिकांपैकी एकाची, शेवटची तोडणी चालू होती. भाचीच्या लग्नात पाहुण्यांना द्यावीत म्हणून त्याने दोन क्रेट निवडक संत्री टेम्पोत घालून आणली होती, परंतु बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, असा तिथला नियम असल्याचे व्यवस्थापकांनी सांगितले. नियम त्यांनी केलेला नव्हता आणि ते बोललेही सौजन्याने, म्हणून आम्ही वाद घातला नाही. रात्री पाहुणे परतू लागले तेव्हा भावाने ते क्रेट फाटकाबाहेर टेम्पोच्या फळीवर उघडून ठेवले. साठीतल्या बायका, कोट घातलेली मुले, गाडीची किल्ली हातात धरलेले पाहुणे असे सगळे तिथे थांबले. कोणी दोन घेतली, कोणी पदरात चार बांधून घेतली. पंधरा मिनिटांत दोन्ही क्रेट रिकामे झाले. लोकांना संत्रा नको असतो म्हणून तो तुमच्या काउंटरवर नसतो, हे मला त्या दिवसापासून पटत नाही.

आता थोडा हिशेब मांडते. पाचशे पानांच्या लग्नात माणशी एक संत्रा धरला तर साठ-सत्तर किलो फळ लागते, म्हणजे तीन-चार क्रेट. एका लग्नाच्या मानाने ही मागणी क्षुल्लक आहे. पण या शहरात एका मोठ्या मुहूर्तावर किती ठिकाणी मांडव पडतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. एखाद्या गृहिणीने ठरवले की या आठवड्यात आपल्या भागातली भाजी आणायची, तर तिच्या घरी चार माणसे ती खातात. तुम्ही ठरवले तर एका संध्याकाळी हजार माणसे खातात, आणि ती भाजी कशी लागली, हे घरी जाऊन बोलतात.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे आणि हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी लिहिले आहे. लग्नाचे मुहूर्त पंचांगात वर्षभर आधी छापलेले असतात. हॉल सहा-सहा महिने आधी बुक होतात, पानांची संख्या आणि मेनू निदान दोन महिने आधी ठरतो. म्हणजे डिसेंबरातल्या एखाद्या तारखेला किती माणसांसाठी किती मेथी, किती सांबार (कोथिंबीर), किती वांगी लागतील, याचा जवळपास पक्का अंदाज तुमच्याकडे ऑक्टोबरमध्येच असतो. त्याच ऑक्टोबरमध्ये कुही, कळमेश्वर, मौदा, सावनेर अशा तालुक्यांतला शेतकरी आपल्या अर्ध्या एकरात काय लावावे, या विचारात असतो, आणि आपला माल कोण घेईल, काय भावाने घेईल, यातले त्याला काहीही ठाऊक नसते. मेथी पेरल्यापासून महिन्याभरात काढणीला येते, सांबाराला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, वांग्याची पहिली तोडणी लावणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी होते. तुमच्या बुकिंगची मुदत आणि त्याच्या पिकाची मुदत इतकी नेमकी जुळते, तरी या दोघांची गाठ पडते ती थेट लग्नाच्या आदल्या पहाटे, बाजारात, मधल्या दोन-तीन हातांतून. त्या पहाटे आवक जास्त असली तर शेतकरी बुडतो आणि आवक कमी असली तर तुमचा हिशेब बिघडतो.

ही गाठ दोन महिने आधी पडावी, एवढीच माझी मागणी आहे. कोणावर उपकार म्हणून शेतकऱ्याचा माल घ्या, असे मी म्हणत नाही. तुमच्याजवळ जी आगाऊ ठरलेली मागणी आहे, तिला व्यवहारात मोल आहे. पेरणीआधी ‘मला अमुक तारखेला इतकी मेथी लागेल आणि हा भाव मी देईन’ असे शब्द मिळाले, तर लहान शेतकरी बाजाराच्या सरासरीपेक्षा फार चढा भाव मागत नाही. त्याला निश्चिती हवी असते. माझ्या भावाशी या विषयावर अनेकदा बोलणे झाले आहे. त्याचे म्हणणे असे की भाव दोन रुपये कमी मिळाला तरी चालेल, पण माल घेऊन गाडी परत फिरवावी लागणे सोसत नाही.

कायद्याचीही आता यात अडचण नाही. २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि बाजार आवाराबाहेर शेतकऱ्याकडून थेट खरेदी करण्याची वाट खुली झाली. एकेकट्या शेतकऱ्याशी व्यवहार करणे तुम्हाला जड जाणार, हे मला समजते. त्यासाठी शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, महिला बचत गट आहेत. तुमच्या बाजूने चार-पाच केटरर्स एकत्र आले आणि त्यांच्या बाजूने एक कंपनी उभी राहिली, तर एका मोसमाचा करार दोन बैठकांत होऊ शकतो.

आता संत्र्याकडे परत येते, कारण त्याच्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. भोसल्यांच्या काळापासून या मातीत रुजलेले हे फळ आहे. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्यावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आपल्याच शहरात अमरावती मार्गावर आहे, आणि आपण देशभर मिरवतो ते नावही संत्रानगरीचे. झाड लावल्यापासून पहिला नीट बहार हाती यायला पाच-सहा वर्षे जातात. तोवर शेतकरी केवळ खर्च करतो. बहार दोन असतात. थंडीत फुलणाऱ्या अंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर फुलणाऱ्या मृग बहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान येतात. लग्नसराईशी हे ताडून पाहा. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात तेव्हा अंबिया बाजारात असतो, आणि पौष ओलांडून माघ-फाल्गुनाचे मुहूर्त लागतात तेव्हा मृग येतो. लग्नाच्या हंगामाशी इतके जुळणारे दुसरे फळ आपल्या भागात नाही.

या फळाची साल सैल असते. सोलायला म्हणूनच ते सोपे, पण लांबच्या प्रवासात त्याच कारणाने दबते आणि नासते. दूरच्या बाजारपेठांत त्याचे हाल होतात. बांगलादेश हा आपल्या संत्र्याचा मोठा ग्राहक होता. त्या देशाने आयातशुल्क वाढवत नेल्यावर काय झाले, ते काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी इथल्या प्रत्येक बागाईतदाराने अनुभवले आहे. जे फळ दूर जायला नाखूश आहे आणि साठ किलोमीटरवर मुबलक पिकते, त्याने जवळच्या माणसांच्या ताटात पहिल्यांदा यावे, यात शेतकऱ्याचे हित आहे आणि खाणाऱ्याचेही.

बागेत मोठे फळ निघते तसे बारीकही निघते. त्याला आमच्याकडे चुरी म्हणतात. चवीत ती मोठ्या फळाहून मुळीच कमी नसते, पण तिला भाव नसतो आणि पुष्कळदा ती तोडणीच्या मजुरीलाही पुरत नाही. लग्नात आल्या आल्या पाहुण्यांच्या हाती तुम्ही जे वेलकम ड्रिंक देता, ते बहुतेक ठिकाणी बाटलीतल्या रंगीत सिरपचे असते. त्याऐवजी चुरीचा ताजा रस देता येईल. इथे माझ्या विषयातली एक खबरदारी सांगते, कारण ती पाळली नाही तर तुमचीच तक्रार येईल. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होऊ लागतो. लिमोनिन नावाच्या द्रव्यामुळे हे घडते आणि बिया चिरडल्या गेल्या तर कडवटपणा वाढतो. बाटलीबंद रसाच्या उद्योगात हे फळ मागे पडण्याचे हे एक मोठे कारण आहे. पण तुमच्याकडे लाइव्ह काउंटरची पद्धत आधीच आहे. पाहुण्यासमोर रस काढायचा, बिया न भरडता काढायचा आणि लगेच पेल्यात द्यायचा, एवढे सांभाळले की कारखान्याला जमत नाही ते तुम्हाला जमते.

फळांनंतर मसाला. सावजी रश्श्याला नाव देणारे आपले शहर आहे, तेव्हा तिखटाविषयी मी तुम्हाला काय सांगणार! तरी एक प्रश्न विचारावासा वाटतो. रश्श्याला रंग आणणारे तिखट तुम्ही पाकिटातून घेता की मिरची पाहून कुटून घेता? उमरेडच्या पलीकडे भिवापूरची मिरची रंगासाठी आणि चवीसाठी नावाजलेली आहे, तिलाही भौगोलिक मानांकन आहे, पण तिचा पेरा सारखा घटत गेला. भिवापूर-मांढळच्या बाजूला मिरचीचे सातरे लागतात. उघड्या माळावर मिरचीचे लाल ढीग आणि त्यांच्याभोवती डोक्याला फडके गुंडाळून डेठ खुडणाऱ्या बायकांच्या रांगा, हे दृश्य मी पाहिले आहे. त्या ढिगांत बाहेरच्या राज्यांतून आलेली मिरची बरीच असते, तिचे डेठ इथे निघतात आणि माल पुढे जातो. मजुरी आपल्या बायकांना मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ज्या गावाच्या नावाने मिरची ओळखली जाते, त्या गावात तिचे पीक टिकायचे असेल तर वर्षाचे तिखट एकदम खरेदी करणारे गिऱ्हाईक लागते, आणि असे गिऱ्हाईक तुम्हीच आहात. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीचेही तसेच आहे. तिच्यात कुर्क्युमिनचे, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्याचे, प्रमाण चांगले असल्याने ती कमी लागते, त्यामुळे किलोचा भाव पाहताना हेही धरावे.

तांदळाबद्दल माझे म्हणणे थोडे तीव्र आहे. आपले शहर ज्वारीच्या आणि भाताच्या मुलखांच्या बरोबर सीमेवर वसले आहे. पश्चिमेला काटोल-नरखेडकडे गेलात तर काळी माती, कापूस, संत्रा आणि एके काळची ज्वारी. पूर्वेला मौदा-रामटेक ओलांडून भंडारा-गोंदियाकडे गेलात तर तळी आणि धानाच्या बांध्या. चिन्नोरसारखा सुवासिक तांदूळ आपल्या दाराशी पिकतो. आपण सगळे ज्याला सहज एचएमटी म्हणतो, तो तांदूळ चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या लहान शेतकऱ्याने आपल्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे जपून तयार केला. तेव्हा गाजत असलेल्या घड्याळाचे नाव त्याला मिळाले. दादाजी २०१८ मध्ये गेले. त्यांचा तांदूळ देशभर शिजतो. मेनू कार्डावर मात्र ‘स्टीम राइस’ एवढेच छापलेले असते. तिथे ‘एचएमटी’ किंवा ‘चिन्नोर’ असे लिहायला काही खर्च येत नाही. पुलावासाठी बासमती ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, परंतु वरणभात आपल्या तांदळाचा असावा आणि तो कोणता, हे पाहुण्याला कळावे. चिन्नोरचे पीक उशिरा येते आणि उतारा कमी देते. नाव घेऊन मागणारा कोणी नसेल तर शेतकरी ते सोडून देतो आणि दुसऱ्या बारीक तांदळाची त्यात भेसळ होऊ लागते. नाव छापले की विचारणाही होते आणि भेसळ करणाऱ्याला थोडा धाक राहतो.

भाज्यांची गोष्ट मोसमाची आहे. हिवाळ्यात आपल्याकडे काय नसते? ओल्या तुरीचे दाणे, वालाच्या शेंगा, हिरवी लांब वांगी, हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, पालक, मुळा आणि जुडीच्या जुडी सांबार. सांबारवडी करायची तर हाच काळ. पंचवीस वर्षांपूर्वी लग्नात सांबारवडी आणि कढी असली म्हणजे पंगतीत आग्रह करावा लागत नसे. आज त्याच थंडीत स्टार्टर म्हणून मंच्युरियन आणि बेबी कॉर्न फिरतात. मला नव्या पदार्थांचा राग नाही, तरुणांना ते आवडतात आणि लग्न त्यांचेच असते. पण तुमच्याच अनुभवाची आठवण करून देते. ज्या लग्नात पालथ्या माठावर मांडे, म्हणजे लंबी रोटी, करणाऱ्या बायका बसवलेल्या असतात, तिथे सर्वांत लांब रांग कोणत्या काउंटरपुढे लागते? हातावर रोटी लांबवत नेणारी ती बाई पाहायला लहान मुलेसुद्धा थांबतात. म्हणजे इथला पदार्थ जुनाट वाटतो म्हणून चालत नाही, हे खरे नाही. तो नीट मांडला तर चालतो. पाटोडीचा रस्सा, वडाभात, कढीगोळे, जवसाची चटणी यांनाही हेच लागू पडते.

पालेभाजीच्या ताजेपणाविषयी एक गोष्ट शास्त्रातली. पालकासारख्या पानांतले क जीवनसत्त्व काढणीनंतर झपाट्याने घटते, आणि उष्णता व कोमेजणे यांनी ही घट आणखी वेगवान होते. आज पहाटे खुडलेली भाजी आज शिजणे आणि तीन दिवस ट्रकमध्ये राहून आलेली शिजणे, यांत फरक पडतो. डाळी, तांदूळ, कांदा, बटाटा यांना हा नियम तितकासा लागू नाही. म्हणून जवळच्या मालाचा आग्रह कुठून सुरू करायचा असेल तर तो पालेभाजीपासून करावा, असे मी सुचवते.

उन्हाळ्याचा प्रश्न अवघड आहे आणि मी तो टाळणार नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, विहिरी तळाला जातात आणि हिरवी भाजी महाग व निस्तेज होते. पण आपल्या आज्यांनी याचे उत्तर वाळवणात शोधले होते. सांडगे, ज्वारीचे धापोडे, कुरड्या, शेवया हे सगळे याच उन्हात होते. शिवाय चिवळीची भाजी नेमकी याच दिवसांत येते, पिकलेले कोहळे साठवणीत टिकते, तुरीची डाळ नवी असते, आणि गावरानी आंब्याचा रस असला म्हणजे गोडाचा प्रश्न सुटतो. वाळवण करणारे बचत गट जिल्हाभर आहेत आणि त्यांची तक्रार एकच असते की माल तयार आहे, पण मोठा ग्राहक नाही. मार्चमध्ये मागणी नोंदवली तर मे महिन्याच्या लग्नांना लागेल तेवढा माल ते करून देऊ शकतात.

मेसचालकांसाठी वेगळे थोडेसे. विदर्भाच्या खेड्यांतून आलेली हजारो मुले-मुली तुमच्याकडे जेवतात. त्यांच्यातल्या कित्येकांचे घर ज्वारीची भाकर खाणारे असते. आठवड्यातून दोन वेळा भाकर आणि अंबाडीची किंवा चिवळीची भाजी दिली, तर बाजारात ज्वारीला निश्चित गिऱ्हाईक मिळेल. ज्वारीचा पेरा कमी होण्याचे एक कारण शेतकरी असे सांगतात की सगळ्या शिवारात सोयाबीन आणि कापूस असताना एकट्याने ज्वारी पेरली तर सारी पाखरे त्याच एका वावरात उतरतात. चार शेजाऱ्यांनी मिळून पेरायची तर चौघांना विकत घेणारा हवा. ज्वारी गेल्यामुळे कडबा गेला आणि कडब्याबरोबर दारची गुरेही कमी झाली, हे त्या मुलांनी आपल्या गावी पाहिलेलेच आहे.

या विषयावर लिहिताना अतिशयोक्ती फार होते, म्हणून माझ्या मागणीच्या मर्यादाही सांगते. जवळचे अन्न खाल्ल्याने प्रदूषण एकदम घटते, असा प्रचार केला जातो. तो तसाच्या तसा बरोबर नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन अभ्यासकांनी २००८ मध्ये तिथल्या अन्नाचा हिशेब मांडला, तेव्हा अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंत एकूण वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्के निघाला. मोठा वाटा उत्पादनाचाच होता. म्हणजे अन्न किती दुरून आले याइतकेच, किंबहुना अधिक, ते कसे पिकवले याला महत्त्व आहे. माझा आग्रह म्हणूनच मुख्यतः ताजेपणा, चव, वाणांची जपणूक आणि भोवतालच्या शेतकऱ्याची मिळकत यांसाठी आहे.

दुसरे असे की जवळचे म्हणजे आपोआप चांगले असेही नाही. शहराच्या सांडपाण्यावर पिकवलेली भाजी आपल्या अगदी शेजारची असते आणि तरीही ती घेऊ नये. कोणत्या पाण्यावर पीक घेतले, फवारणी केव्हा केली, तोडणी केव्हा केली, हे विचारण्याची सोय थेट व्यवहारातच असते आणि तुम्ही ती वापरली पाहिजे. तसेच ‘जवळचे’ म्हणजे केवळ आपल्या जिल्ह्याचे किंवा आपल्या राज्याचे, असेही मी समजत नाही. सौंसर आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात आहेत, पण तिथला संत्रा आपलाच आहे. छिंदवाडा सव्वाशे किलोमीटरवर आणि नाशिक सहाशेहून अधिक. छिंदवाड्याची फुलकोबी मला परकी वाटत नाही. कांदा नाशिकचा आणि बटाटा उत्तर प्रदेशाचा आला तर त्याबद्दलही माझी तक्रार नाही.

यजमानच किवी मागतात, आम्ही काय करणार, असे तुमच्यापैकी काहींनी मला पूर्वी सांगितले आहे. ते खरे आहे, पण अर्धे. मेनू ठरवायला यजमान येतात तेव्हा तुम्ही त्यांच्यापुढे छापील यादी ठेवता आणि ते त्या यादीतून निवडतात. यादीत नसलेले मागण्याचा धीर मुलीच्या वडिलांना सहसा होत नाही. त्या यादीत एक पान ‘या महिन्यात आपल्या भागात पिकणारे’ असे घाला. डिसेंबरचे पान वेगळे, मार्चचे वेगळे, मेचे वेगळे. प्लेटचा भाव इतर पानांइतकाच ठेवा आणि शेजारी गावांची नावे छापा. निवड यजमानांवर सोडा. माझ्या भाचीच्या लग्नात असे पान असते तर आम्ही तेच घेतले असते, आणि माझ्या भावाला दोन क्रेट फाटकाबाहेर उघडावे लागले नसते.

तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांची बुकिंग तुमच्याकडे आत्ता चालू असेल. अंबिया बहाराची तोडणी दिवाळीच्या आसपास जोर धरते आणि मेथी-सांबाराची पेरणी दसऱ्यानंतर सुरू होते. त्याआधी, दसऱ्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी, तुमच्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी काटोलच्या बाजूला एक सकाळ काढून यावे, अशी माझी विनंती आहे. बागा दाखवण्याचे आणि आसपासच्या भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना एकत्र बोलावण्याचे काम माझा भाऊ आणि त्याचे शेजारी करतील. महिन्यावार काय, किती आणि केव्हा मिळू शकते याचा तक्ता मी तयार केला आहे, तो सोबत आणीन. दुपारचे जेवण आमच्याकडे असेल: ज्वारीची भाकर, भरीत, जवसाची चटणी, कढी आणि चिन्नोरचा भात.

आपली नम्र,
काटोलची माहेरवाशीण, एक नागपूरकर